वरून तीन, खालून दोन

आमच्या रस्त्यावर तिला सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेत तिने कधी शिकवलेलं नाही. कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कापड बेतून कापायची. त्या टेबलाशी तोवर पुरुषच उभे राहिले होते आणि त्यांना मास्तर म्हणत, म्हणून ती उभी राहिली तेव्हा मास्तरीण झाली. पुढे कारखाना बंद पडला, टेबलं भंगारात गेली, नाव तेवढं तिच्याबरोबर घरी आलं. आता ती मटणाचं दुकान चालवते.

हे कसं झालं ते मी जवळून पाहिलं आहे. त्यांच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच. जे दिसलं नाही ते त्या भिंतीतून ऐकू आलं, आणि जे ऐकूही आलं नाही ते नंतर तिने आणि तिच्या थोरल्या जावेने सांगितलं.

घर अरुंद आणि उंच आहे. खाली दुकान, त्याच्या मागे थंड खोली, आणि तिच्या कडेने वर जाणारा लाकडी जिना. वरची रस्त्याकडची खोली म्हातारीची, म्हणजे मास्तरणीच्या सासूची. गुडघे गेल्यापासून ती जिना उतरत नव्हती. तिच्या खोलीची जमीन म्हणजेच दुकानाचं छत. मध्ये नुसत्या फळ्या. तिच्या खाटेच्या बरोबर खाली दुकानातला मोठा लाकडी ठोकळा येतो. त्यावर तिचा थोरला मुलगा मटण तोडायचा.

त्या मुलाला सगळा रस्ता दादा म्हणे. अंगाने दांडगा, बोलण्यात कंजूष. म्हातारीला काही हवं असलं की ती काठीने फळीवर तीन ठोके मारी. दादा सत्तूर उलटा धरून त्याच्या पाठीने ठोकळ्यावर दोन ठोके देई, म्हणजे ऐकलं. हातातलं गिऱ्हाईक आटोपलं की वर जाई. कधी चहा हवा असे, कधी खिडकी लावायची असे. कधी काहीच नसे.

"काही नाही रे, म्हटलं आहेस का बघावं."

"दुकान सोडून कुठे जाणार मी?"

मायलेकांचं एवढंच बोलणं. माझ्याकडे आलेले पाहुणे दचकून भिंतीकडे बघायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ठोके पडलेले कळायचेही नाहीत.

दादा गेला तो दुपारी. सकाळचं गिऱ्हाईक संपलं होतं, शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. बर्फवाला वाकून आत शिरला तेव्हा तो ठोकळ्याशेजारी फरशीवर पडलेला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पडून किती वेळ झाला असेल हे त्यांनी सांगितलं नाही, आणि घरातल्या कुणी विचारलं नाही.

मागे राहिली ती चौघं. म्हातारी. दादाची बायको, जिला घरात थोरली म्हणतात. लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा धाकटा मुलगा. आणि त्याची बायको मास्तरीण, तेव्हा नुकतीच कारखान्यातून घरी बसलेली. घर चालत होतं ते दुकानावर. पण थोरली दुकानात पाऊल टाकायला तयार नव्हती. जिना उतरली की ती मागच्या दाराने बाहेर पडायची, दुकानाकडे मान वळवायची नाही. दुकान विकायचं, हे कुणी न बोलता ठरल्यात जमा होतं.

अडचण थंड खोलीची होती. आकड्यांना बकरे टांगलेले होते, सोललेले, धुतलेले, आणि ते कुणाच्या सुतकासाठी थांबणार नव्हते. खानावळवाला भेटायला आला. मान खाली घालून बसला. उठताना चपलेत पाय सरकवत म्हणाला, "विचारायची वेळ नाही ही. पण माझी माणसं जेवायची थांबत नाहीत हो."

धाकटा उठला, थंड खोलीचं दार उघडून आत गेला आणि लगेच बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर डोकं गुडघ्यांत घालून बसला.

"रस्त्यात मेलेलं जनावर तुम्ही हाताने उचलून कडेला ठेवता," मास्तरीण म्हणाली, "मग याचं काय?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"हे दादाने टांगलंय."

मग ती आत गेली. निदान खराब व्हायच्या आधी बाहेर तरी काढावं, एवढाच तिचा विचार. खानावळवाल्याच्या मदतीने तिने एक मांडी ठोकळ्यावर आणून ठेवली आणि कुठून सुरुवात करावी ते न कळून तिच्यावर तळहात ठेवला. कापडाचा तागा टेबलावर पसरला की ती असाच हात फिरवायची. कापडाला उभा दोरा असतो, आडवा असतो, आणि डोळ्यांआधी तो हाताला समजतो. मांसालाही दोरा होता. दोन स्नायूंच्या मध्ये कागदाहून पातळ पांढरी पडदी होती. तिच्यातून सुऱ्याचं टोक नेलं की दोन्ही भाग आपसूक सुटे होत, शिवण उसवावी तसे. जोर लागत नव्हता, आवाजही होत नव्हता. मांडी उलगडून तिचे नीटस तुकडे ठोकळ्यावर लागले तेव्हा खानावळवाला तोंडात बोट घालायचाच बाकी होता.

"हे कुठे शिकलात तुम्ही?"

"कोटात," मास्तरीण म्हणाली.

आजच्या दिवस, असं म्हणून ती आत गेली होती. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाचा माणूस आला. त्यानंतर रस्त्यावरच्या बाया आल्या, आधी सांत्वनाला आणि मग पिशवी घेऊन. सकाळी उठून आपल्याला कुठेतरी उभं राहायचं आहे, कुणीतरी आपल्या हातांची वाट बघतं आहे, याची मास्तरणीला भूक होती. कारखाना सुटल्यापासून ती घरात नुसती फिरत होती. ती भूक दादाच्या ठोकळ्यावर भागेल असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

सुऱ्याचं काम तिला येत होतं, हाडांचं येत नव्हतं. सत्तूर तिच्या हातात वेडावाकडा पडायचा, हाडाच्या ठिकऱ्या उडायच्या. सकाळी गाडीतून माल टाकायला येणारा गाडीवाला हे बघून हळहळायचा. बिचारा तोंडाने फटकळ, पण मनाने चांगला.

"बाई, लाकडं फोडताय की मटण?"

"मग तुम्ही दाखवा."

"मनगट विसरा. सत्तूर वजनाने पडतो. तुम्ही त्याला फक्त वाट दाखवायची. आणि हा पाय पुढे घ्या, डावा. दादा असा उभा राहायचा."

तिने पाय पुढे घेतला आणि काम सोपं झालं. त्याला कारण होतं. वर्षानुवर्षं घाव पडून ठोकळ्याच्या मधोमध खोलगट भाग झाला होता, मोठ्या परातीसारखा. हाड त्यात ठेवलं की घरंगळून एकाच बाजूला जाई. ते धरायचं तर डावा पाय पुढे, डावा खांदा खाली, असंच उभं राहावं लागे. सत्तुराच्या मुठीवर अंगठ्याची खाच पडली होती. ती दादाच्या अंगठ्याची. सुरुवातीला मास्तरणीचा हात त्या खाचेत दुखायचा. मग दुखायचा थांबला. आणि तिच्या हातून घाव पडू लागले ते दोन जड आणि मागोमाग एक हलका, पुन्हा दोन जड, एक हलका.

मी एकदा सकाळी दाढी करत होतो. भिंतीतून तो आवाज आला आणि सवयीने मनात आलं, दादाने आज लवकर उघडलं. वस्तरा गालावर तसाच राहिला. मी वळून बायकोकडे बघितलं. तीही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

गाडीवाल्याने मात्र तोंडावर सांगितलं. एकदा तो पाठीवर बकरा घेऊन मागच्या दाराने शिरला आणि दारातच थांबला.

"बाई, एक विनंती आहे. मी येताना जरा खोका, बोला, गाणं म्हणा. तुम्ही पाठमोऱ्या असता आणि हा आवाज. माझ्या खांद्यावर ओझं असतं, पडलो म्हणजे?"

मास्तरीण हसली. पण तिचं हसू फार टिकलं नाही, कारण तोवर तिला स्वतःलाच काही गोष्टी जाणवू लागल्या होत्या. काढलेली चरबी ती न बघता उजवीकडे भिरकावायची. तिथे टोपली नव्हती. चरबी फरशीवर पडायची. थोरलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, लग्न होऊन मी आले तेव्हा तिथे टोपली असायची, मग उंदरांमुळे हलवली. एकदा पेन्शनीतला पोस्टमन आला. त्याला मटण बांधून देताना मास्तरीण म्हणाली, "खांदा आता रात्रीचा ठणकत नाही ना?" पोस्टमन पुडकं हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिला. खांद्याचं त्याने दादाखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. दादाने घरी येऊन कधीतरी सांगितलं असेल, जेवताना कानावर पडलं असेल, असं मास्तरीण म्हणते. पण कधी, ते तिला आजही आठवत नाही.

तिने नवा सत्तूर आणला. त्याची मूठ गुळगुळीत, खाच नसलेली. त्या दिवशी एकही हाड धड तुटलं नाही. दुपारपर्यंत तिने तो गुंडाळून फळीवर ठेवून दिला आणि जुना हातात घेतला. तिला त्याचा राग आला होता. हे काम आपल्याला येतं म्हणून होतंय, की कुणी आपल्या हाताने करून घेतंय? नवरा घरी आला तेव्हा तिने त्याला विचारलं.

"तुला बरं वाटतंय ना त्या कामात?" धाकटा म्हणाला.

"वाटतंय. म्हणून तर विचारतेय."

पहाटे तो ट्रक घेऊन गेला.

दादा गेल्यापासून वरची काठी गप्प होती. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. थोरली भरवेल तेवढे दोन घास खायची, केस विंचरू द्यायची नाही. एका सकाळी मास्तरीण बरगड्या तोडत होती. दोन जड, एक हलका. दुकानात दोन-तीन बाया उभ्या होत्या. आणि वरून ठोके आले. तीन.

मास्तरणीने सत्तूर उलटा केला, ठोकळ्यावर दोन ठोके दिले, पुन्हा सुलटा केला आणि पुढची बरगडी तोडली.

आपण काय केलं ते तिला समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं. ती बाई पदराने तोंड झाकून उभी होती.

वर म्हातारी खाटेवर उठून बसली होती. थोरली तिच्यासाठी पेज घेऊन आत आली, तर म्हातारी म्हणाली, "कंगवा आण. आणि त्याला सांग, पायात काहीतरी घाल. फरशी गार असते."

त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली. दुपारी खिडकी उघडायला लावून रस्ता बघत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन ठोके आले. मास्तरीण सत्तूर हातात धरून उभी राहिली. आता ते आपसूक होणार नव्हतं. आता ठरवून करायचं होतं. दिलं नाही तर म्हातारी पुन्हा भिंतीकडे वळेल. दिलं तर आपण मेलेल्या माणसाच्या जागी उत्तर देतोय. तिने दोन ठोके दिले. मग रोजच.

थोरलीने काही दिवस सहन केलं. एका दुपारी दुकान बंद करून मास्तरीण वर गेली, तेव्हा ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती, वाट अडवून.

"तू ते थांबव," ती म्हणाली.

"ताई, आई जेवतायत त्याने."

"मला माहीत आहे जेवतात. भरवते कोण? मीच." थोरली हळू आवाजात बोलत होती, आत म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून. "तू तोडतेस तेही त्यांच्यासारखंच. सकाळी मला जाग येते ती त्या आवाजाने. दर वेळी क्षणभर वाटतं की झालं ते स्वप्न होतं. रोज सकाळी मी नव्याने विधवा होते. पण ते मी सोसलं असतं. ते दोन ठोके नको."

"का?"

थोरली पायरीची कड नखाने खरवडू लागली.

"त्या दुपारी आईंनी तीन वाजवले होते. खालून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवले. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. त्या तिसऱ्यांदा काठी उचलायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, कामात असतील हो, सारखी काय हाक मारायची. त्यांनी काठी ठेवली. माझ्या सांगण्यावरून ठेवली. मी भाजी निवडली, धुतली, चिरली. खाली उतरून बघितलं नाही. एवढासा हा जिना." तिने खाली बोट दाखवलं. "आईंना उत्तर हवंय, समजतं मला. मला ते ऐकवत नाही. ते दोन ठोके मला सांगतात की त्या दिवशी ते आले नव्हते."

मास्तरीण तिच्या खालच्या पायरीवर बसली.

"एक तर आवाज बंद कर," थोरली म्हणाली, "नाहीतर दुकान विकू. घेणारा तयार आहे. मी शिव्या देत नाहीये तुला. पण दोन्हीतलं एक."

दुकान सोडायचं मास्तरणीच्या जिवावर आलं. एक टेबल पायाखालून गेलं होतं, दुसरं तिला सापडलं होतं, आणि ते तिच्यापुरतं आता भाकरीपेक्षा मोठं झालं होतं. तिने सुतार बोलावला. ठोकळा सपाट करायचा होता.

सुताराने त्या खोलगट भागात हात फिरवला. "हा खड्डा घालवायचा म्हणजे वरची चांगली चार बोटं तासावी लागतील. एका माणसाचं आयुष्य आहे हे. नक्की ना?"

"तासा," मास्तरीण म्हणाली.

रंध्याचा आवाज दिवसभर भिंतीतून येत होता. वरचा काळपट थर निघाला, खालचं लाकूड पिवळं, ताजं होतं. साल निघालेल्या फळासारखं ते दिसत होतं. कात्रणं पोत्यात भरून सुतार घेऊन गेला. जुना सत्तूर तिने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि हाडांसाठी बारीक दाताची करवत घेतली.

मग ती तिच्या पद्धतीने काम करू लागली. सपाट ठोकळ्यावर तिला कसंही उभं राहता येत होतं. तळहात फिरवायचा, दोरा बघायचा, पडदीतून सुरा न्यायचा. तोडायचं शक्य तेवढं टाळायचं, सांध्यातून सोडवायचं. काम आधीपेक्षा सुबक होऊ लागलं. खांद्याचं चपटं हाड ती पूर्णच्या पूर्ण ओढून काढायची, मांसाला भोक न पडता, बाहीतून हात काढावा तसं. गिऱ्हाईकं खूष होती. आपले हात आता आपलेच आहेत, हे तिला पटू लागलं होतं.

फक्त दुकान गप्प झालं होतं. पोस्टमन म्हणाला, "मास्तरीणबाई, दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय." माझ्या भिंतीतून काहीच येईनासं झालं.

आणि वरून ठोके आले. तीन.

मास्तरणीने सुरा ठेवला, हात पुसले आणि वर गेली. "काय हवंय, आई?"

म्हातारीने तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं. "काही नाही."

ती खाली येऊन गिऱ्हाईकाशी बोलायला लागते तोच पुन्हा तीन. पुन्हा ती वर. दिवसातून कितीदा तरी. गिऱ्हाईकं खोळंबू लागली. थोरली वरच असायची, पण म्हातारी तिला काही सांगत नव्हती. जेवण तसंच राहू लागलं. शेवटी मास्तरीण खाटेच्या कडेला बसली.

"आई, मी येते ना तुम्ही वाजवलं की. लगेच येते."

"येतेस," म्हातारी म्हणाली. "मला वेड नाही लागलेलं. खाली कोण आहे ते कळतं मला. माझ्या पोराला मी माझ्या डोळ्यांनी पोचवलंय." तिने काठीवरून हात फिरवला. "पण तू येईपर्यंत जो वेळ जातो ना, त्याचं मी काय करू? आधी खालून खुडखुड तरी असायची. आता तू काम करतेस तेही ऐकू येत नाही. त्या दिवशी होतं तसंच असतं सगळं."

थोरली दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी आवरू लागली.

मास्तरीण माझ्या बायकोजवळ त्या दिवसांत एकदाच बोलली. म्हणाली, "दादांचा आवाज काढला तर ताईंना ते दिसतात. माझ्या पद्धतीने काम केलं तर दोघींना ती दुपार दिसते. मी कुठल्या हाताने कापू?"

नंतरचा प्रसंग त्याच आठवड्यातला, आणि दुपारचाच. सकाळचं गिऱ्हाईक गेलं होतं. शटर अर्धं खाली होतं. मास्तरीण संध्याकाळसाठी खांदा सोडवत होती. चपटं हाड मांसातून ओढायच्या बेतात आलं होतं. डाव्या हाताची बोटं आत खोल, हाडाच्या कडेला रुतलेली. ते काम मध्ये सोडता येत नाही. सोडलं तर मांस फाटतं.

वरून तीन ठोके आले.

एवढं काढून जावं, असं तिने ठरवलं. बोटं आणखी आत सरकवली.

पुन्हा तीन. या वेळी जोरात. मी घरीच होतो, माझ्या भिंतीवरचं चित्र हललं.

मग जिन्यावर पावलं वाजली. धावत येणारी, अनवाणी. थोरली जिना उतरून मागच्या दाराकडे वळली नाही. ती सरळ दुकानात आली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. हातात चिरलेल्या भाजीचा पाला तसाच होता. आत येताच तिने मास्तरणीकडे बघितलं नाही. आधी फरशीकडे बघितलं, ठोकळ्याच्या शेजारी. तिथे काही नव्हतं. मग तिची नजर वर आली.

"तू आहेस," ती म्हणाली.

"आहे ना. काय झालं?"

"आवाज नव्हता." थोरलीने भिंतीला हात टेकला. तिला धाप लागली होती. "काही म्हणजे काहीच आवाज नव्हता गं."

"काम चाललंय, ताई. माझ्या कामाचा येत नाही आवाज."

वरून पुन्हा तीन ठोके. दोघींनी छताकडे बघितलं. फळ्यांच्या फटीतून धुळीचा एक कण हवेत तरंगत खाली आला.

"दे उत्तर त्यांना," थोरली म्हणाली.

"तुम्हीच नको म्हणालात."

"म्हणाले होते."

मास्तरणीने आपले हात दाखवले. डावा मनगटापर्यंत मांसात, उजव्यात सुरा, दोन्ही चरबीने माखलेले. "मला नाही सोडता येत हे. तुम्ही द्या."

थोरली खिळ्यावरच्या सत्तुराकडे बघत राहिली. मास्तरणीने घाई केली नाही. सुरा तिने जिथे होता तिथे थांबवला होता. शेवटी थोरलीने पाला टोपलीत टाकला, पुढे झाली आणि दोन्ही हातांनी सत्तूर काढला. तिला तो जड झाला. तिचा अंगठा मुठीवरच्या खाचेत गेला आणि तिथे हरवला. खाच फार मोठी होती. क्षणभर तिने डोळे मिटले. मग तिने सत्तूर उलटा केला आणि ठोकळ्यावर मारला.

एक. नव्या लाकडावर तो हलका, कोवळा वाजला. मग इतका वेळ गेला की मास्तरणीला वाटलं, आता दुसरा येत नाही. मग तो आला.

भिंतीच्या अलीकडे मीही उभा होतो.

"कोण आहे खाली?" म्हातारीचा आवाज. फळ्यांमधून तिने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. तोवर काठीने भागत होतं.

थोरलीने मान वर केली. तिने ओठ ओले केले.

"मी आहे, आई. थोरली."

"तू खाली गेलीस?"

"हो. खालीच आहे."

काठी खाटेला टेकवून ठेवल्याचा आवाज मला आला. मग ती म्हणाली, "बरं. मग थांब तिथेच जरा."

थोरली थांबली. मास्तरणीने हाड हळूच ओढलं. ते पूर्ण, स्वच्छ बाहेर आलं आणि ठोकळ्यावर पडताना टक्क वाजलं. संध्याकाळचं शटर वर जाईपर्यंत त्या दोघी ठोकळ्याशी उभ्या होत्या, मध्ये एका माणसाची जागा रिकामी सोडून.